खरी बाहुली

“डाव्या कानात लहानपणी काही गेलं होतं का? काडी, पेन्सिल, असं काही?” कानाच्या डॉक्टरबाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं. वय विचारावं, पत्ता विचारावा, तितक्याच सहज. प्रश्न बुद्धप्रियला होता. पण त्रेचाळीस वर्षांचा, बेळगावच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारा, टाळूवर टक्कल पडू लागलेला बुद्धप्रिय खुर्चीतल्या खुर्चीत वळला आणि मागं स्टुलावर बसलेल्या थोरल्या बहिणीला म्हणाला, “आक्का, काय झालतं गं?” सुविधाच्या मांडीवर त्याची फाइल होती. फाइलीचे दोन्ही कोपरे तिनं घट्ट धरले. “ताप आलता,” ती म्हणाली. “वर्षाचा असताना. लई ताप. त्यातच कान गेला.” डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. “असेलही. तापात कान फुटतो. पण पडद्याचं भोक ज्या जागी आहे आणि आतली हाडांची साखळी जशी मोडलीय, त्यावरून काहीतरी टोकदार गेल्यासारखं वाटतं. आता त्यानं काही फरक पडत नाही म्हणा. उजवाही आता कमी ऐकतोय, त्याला मशीन लावू.” मग दारातल्या मुलीला त्या कानडीत म्हणाल्या, “रिपोर्ट नाळे कोडतीवी,” आणि रिपोर्ट उद्या मिळणार एवढं कळून दोघं उठली.

पायऱ्या उतरताना सुविधाच्या लक्षात आलं की हे तापाचं वाक्य आज तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं उच्चारलं होतं. ते घरातलं वाक्य होतं. आई बोलायची, शेजारपाजारच्या बायका बोलायच्या, शाळेतल्या गुरुजींना वडील सांगायचे, बुद्धप्रियच्या लग्नाच्या बोलणीत मामानं सांगितलं होतं. दर वेळी सुविधा तिथंच कुठंतरी असायची, चहाचे कप उचलत, नाहीतर पदर सारखा करत. ती गप्प असायची. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असा एक हिशेब तिनं आठव्या वर्षापासून स्वतःशी करून ठेवला होता, आणि तो पन्नासाव्या वर्षापर्यंत टिकला होता. आज एका तिशीतल्या बाईनं, ज्याच्या उत्तरानं काही फरकही पडणार नव्हता असा प्रश्न विचारला, आणि तो हिशेब मोडला.

बुद्धप्रिय गाडीपाशी थांबला होता. त्याची बायको उपासना ट्रेनिंगला गेली होती म्हणून आज सुविधा सोबत आली होती. “टोकदार म्हणजे काय गेलं असंल?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, फक्त कुतूहल होतं. वर्गात एखादं गणित चुकीच्या उत्तराला आलं की तो असाच कपाळाला आठी घालून फळ्यासमोर उभा राहत असेल. “अगं, मला सगळ्यांनी ताप सांगितलं. रेल्वेच्या मेडिकलला पण मी तेच लिहून दिलं. हे वेगळंच निघतंय. ह्या रविवारी निपाणीला जाऊ. आईला विचारू.”

“आई अठ्ठ्याहत्तरची हाय. तिला काय आठवणार.”

“तिला सगळं आठवतं,” तो म्हणाला.

बेळगावातल्याच दुसऱ्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सुविधा सव्वीस वर्षं काम करत होती. त्या दुपारी ती परत येऊन काउंटरमागं बसली. परीक्षा लांब होत्या, वाचायच्या खोलीत तीन-चार मुली होत्या. पंखा फिरत होता. परत आलेली पुस्तकं तिनं पुढ्यात ओढली आणि एकेकाचं पान उघडून तारीख बघू लागली, पण हाताला काहीतरी वेगळंच लागत होतं. तर्जनी आणि अंगठा यांच्या मध्ये, तंतोतंत त्या जागी, एक बारीक, टणक, किंचित लवणारी वस्तू होती. ती तिला कधी सोडून गेलीच नव्हती. सुईत दोरा ओवताना, उदबत्ती लावताना, भाजीतली कडीपत्त्याची काडी काढताना ती तिथं यायची. खराट्याचा हीर. एका टोकाला कापूस गुंडाळलेला, वीतभर लांब.

सात-आठ वर्षांची असताना ती निपाणीत भीमनगराच्या कडेच्या गल्लीत राहत होती. घर एका खोलीचं, पुढं पत्र्याची पडवी. वडील आण्णाप्पा तंबाखूच्या बोदांची, मोठाल्या पोत्यांची, हमाली करायचे. रात्रीच्या साक्षरता वर्गात ते अक्षरं शिकले आणि एस.टी. स्टँडवरच्या पाटीवरचा ‘प्रवासी सुविधा’ हा त्यांनी स्वतः वाचलेला पहिला मोठा शब्द, म्हणून पोरीचं नाव सुविधा. आई तानुबाई वखारीत तंबाखू चाळायला जायची. सकाळी सातला जायची, दिवस मावळताना यायची. तिच्या लुगड्याला, केसांना, नखांना तंबाखूचा असा वास असायचा की ती दारात आली की आधी बाळ शिंकायचं. बाळाला पाजायच्या आधी ती मोरीत जाऊन छाती पाण्यानं धुवायची, तरी वास जायचा नाही, आणि बाळ पिता पिता गुंगल्यासारखं झोपून जायचं. बाळ झालं तेव्हा सुविधा दुसरीत होती. बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर आई पुन्हा वखारीत जाऊ लागली आणि सुविधाचं शाळेत जाणं थांबलं. कुणी तिला तसं सांगितलं नाही. एका सकाळी आईनं पाटी-दप्तर खुंटीला वर अडकवलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं, एवढंच. ते दप्तर खाली आलं ते बाळ चालायला लागल्यावर.

बाहुली तिला नव्हती. आईनं चिंध्यांची एक करून दिली होती, तिला नाक नव्हतं, आणि पावसाळ्यात तिला कुबट वास यायचा. गल्लीच्या तोंडाशी कलगोंडा पाटलांचं घर होतं. त्यांची वखार, त्यांची माळावरची जमीन, आणि त्यांची सुविधाच्याच वयाची मुलगी त्रिशला. त्रिशलाची बाहुली मिरजेहून आणलेली होती. गुलाबी, रबरी हातापायांची, आणि आडवी केली की डोळे मिटायची. त्रिशला ती बाहुली घेऊन सुविधाच्या पडवीत यायची. पडवीच्या आत कधी आली नाही, ते दोघींनाही न सांगता माहीत होतं. पहिल्याच दिवशी ती सुविधाच्या मांडीवरच्या बुद्धप्रियकडं बघत राहिली आणि म्हणाली, “तुझी तर खरी बाहुली हाय.”

त्या एका वाक्यानं सुविधाला काय मिळालं, हे ती पुढं कधीच कुणाला समजावून सांगू शकली नसती. तोवर बाळ म्हणजे ओझं होतं. कमरेला रग लागायची, फडकी धुऊन हात सोलायचे. त्या दिवसानंतर ते ओझं राहिलं नाही. गल्लीतल्या पोरी तिच्या पडवीत जमू लागल्या. बाळाचं बारसं झालं, दोनदा झालं. बाळाचं त्रिशलाच्या बाहुलीशी लग्न लागलं, चुरमुऱ्यांच्या अक्षता पडल्या. ती सांगेल तशी पोरी त्याला टोपडं घालायच्या, काजळ लावायच्या. कुणी कधी घ्यायचं, किती वेळ घ्यायचं, ते सुविधा ठरवायची. शाळा सुटलेली, वखारवालीची ती पोर त्या पडवीत वर्षभर मालकीण होती. आणि दुपारी पोरी जेवायला घरोघर गेल्या की पडवीत ती आणि बाळ उरायचं. टोपलीतली भाकरी ती पाण्यात कुस्करून त्याला भरवायची, उरलेली आपण खायची, आणि त्याच्याशी बोलायची. त्याच्याही वाटणीचं तीच बोलायची. “झोप आली व्हय रं? व्हय आक्का. मग नीज की. न्हाय आक्का, आई येऊ दे.” दोन्ही आवाज तिचेच. आजही बेळगावच्या वडगाव भागातल्या तिच्या दोन खोल्यांत, भोवती दिवसभर यंत्रमागांची खटखट चाललेली असताना, ती कधीकधी मोठ्यानं विचारायची, “चहा टाकू काय?” आणि स्वतःच म्हणायची, “टाक की.”

लग्नाचं एक स्थळ तिला आलं होतं. चांगलं होतं. चिकोडीचा, पोस्टात नोकरीला. बघायला आला तेव्हा त्याच्या बहिणीच्या कडेवर सहा महिन्यांचं मूल होतं आणि बहिणीनं पाणी पिता पिता ते सहज सुविधाच्या पुढं केलं. सुविधानं हात मागं घेतले. मूल पडलं नाही, बहिणीनं सावरलं, पण सगळ्यांनी बघितलं. नंतर तिनंच नकार कळवला. बुद्धप्रियची मुलगी मैत्रेयी झाली तेव्हाही ती दवाखान्यात पाळण्यापासून दोन हात लांब उभी होती. “आत्याला भीती वाटती,” उपासना हसून म्हणाली होती. मैत्रेयी पाच वर्षांची होऊन आपल्या पायांनी पळायला लागल्यावर मगच सुविधानं तिला जवळ घेतलं. चालणारी, बोलणारी, ‘दुखतंय’ म्हणून सांगू शकणारी पोर. तिची भीती वाटत नव्हती.

आणि तो दिवस. तो ती रोज आठवत नसे, पण तो कुठं आहे ते तिला रोज माहीत असे. उन्हाळा होता. आदल्या आठवड्यात वडिलांनी बाळाला सर्दीसाठी डॉक्टरकडं नेलं होतं, सुविधा बरोबर होती. डॉक्टरांनी बॅटरी लावून त्याच्या कानात बघितलं होतं. ते पोरींना सांगितल्यावर डॉक्टर-डॉक्टर सुरू झालं. त्रिशलाच्या बाहुलीला तपासून झालं, शाई संपलेल्या पेनानं इंजेक्शन झालं. बाहुली डोळे मिटून पडून होती. मग बाळाची पाळी. बाळ पडून राहीना. पालथं व्हायचं, पाय झाडायचं, रडायचं, आणि त्यातच त्यानं फडकं भिजवलं. त्रिशला नाकाला हात लावून मागं सरली. “तुझी बाहुली घाण करती,” ती म्हणाली. “सारखी रडती. माझी बघ कशी गप असती.” आणि बाहुली उचलून ती घरी गेली. तिच्या मागनं बाकीच्या पोरी गेल्या. पडवीत ऊन आलं होतं. सुविधानं फडकं बदललं. त्याला मांडीवर आडवं घेतलं, डोकं दोन गुडघ्यांत अडकवलं. “गप,” ती म्हणाली. “डॉक्टर तपासणार हाय.” हिराच्या टोकाला कापूस होता. तिनं तो कानात घातला. तो हलला. ती म्हणाली, गप रं. तो परत हलला.

इथवर सगळं स्वच्छ होतं. फडक्याचा रंग आठवत होता, पत्र्याच्या भोकातून पडलेला उन्हाचा गोल आठवत होता. त्याच्या पुढं एक क्षण होता, डोळ्याची पापणी लवते एवढाच, आणि त्या क्षणात तिचं बोट होतं. बाळ हललं म्हणून काडी आत गेली, की बाळ हललं म्हणून तिनं काडी आत दाबली. बेचाळीस वर्षं ती त्या क्षणाच्या दोन्ही बाजूंनी त्याच्यापाशी येत होती, आणि आत जाता येत नव्हतं. दाबली असं म्हणावं तर मांडीवरच्या त्या जिवाचा तिला किती लळा होता ते आठवायचं. निसटली म्हणावं तर त्रिशलाची परकर-पोलक्यातली पाठमोरी आकृती दिसायची आणि पोटात तो राग उठायचा, जसाच्या तसा, आठ वर्षांच्या पोरीचा.

मग तो ओरडला होता. रक्ताचा एकच थेंब आला, तो तिनं जिभेनं ओलं केलेल्या पदराच्या टोकानं पुसला. पदर कसला, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. त्याला उचलून ती संध्याकाळपर्यंत पडवीत फेऱ्या मारत राहिली. हीर चुलीत घातला.

रविवारी सकाळी ती दोघंच निघाली. एरवी उपासना पुढं बसायची आणि सुविधा मागं, बुद्धप्रियच्या पाठीशी, तिथून उजव्या कानाला बोललेलं त्याला ऐकू जायचं. आज ती पुढं बसली, त्याच्या डाव्या हाताला. काकती मागं पडलं. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना ऊस. तो एकटाच बोलत होता. लहानपणी मामा त्याला लोंढ्याला घेऊन जायचा, पुलावर उभं राहून इंजिनं दाखवायचा, तेव्हापासून त्याला गाडीच चालवायची होती, असं सांगत होता. ते सगळं तिला माहीत होतं. हुबळीला मेडिकलला कान बघितला आणि तिथनंच त्याला परत पाठवलं, त्या दिवशी तो रात्रीच्या गाडीनं न येता दोन दिवस कुठं राहिला होता, ते मात्र त्यानं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. “लोंढ्यालाच हुतो,” तो आता समोर बघत म्हणाला. “फलाटावर. नुसता बसून.”

संकेश्वर यायच्या आधी सुविधा बोलली. हळू नाही, नेहमीच्या आवाजात बोलली. “बुद्धा, तुझ्या कानात मी काडी घातली. डॉक्टर-डॉक्टर खेळताना. मी घातली.” काचा वर होत्या, एसीचा आवाज होता. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. एक ट्रक मागं टाकला. मग म्हणाला, “काय म्हणालीस काय?” तिनं त्याच्या डाव्या कानाकडं बघितलं. चांगला, पूर्ण, भरलेल्या पाळीचा कान. “काही न्हाय,” ती म्हणाली. “हळू चालव.” तवंदीचा घाट उतरेपर्यंत तिला स्वतःची इतकी किळस आली होती की तिनं काच खाली करून तोंड बाहेर काढलं.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. निपाणीतलं घर आता दोन खोल्यांचं, वर स्लॅब, पुढं पडवीच्या जागी फरशी. तानुबाई खुर्चीत बसून शेंगा फोडत होती. दोघांना बघून हसली, चहा झाला, मैत्रेयीची चौकशी झाली. मग बुद्धप्रियनं खुर्ची जवळ ओढली आणि आईचा हात धरून विचारलं, “आई, डॉक्टर म्हणती, कान तापानं गेला न्हाय. मग काय झालतं?”

तानुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. सुविधा दारापाशी उभी होती. आई आपल्याकडं बघेल असं तिला वाटलं. आईनं बघितलं नाही.

“कळलं व्हय त्यांना,” तानुबाई म्हणाली. ती शेंग तिनं बाजूला ठेवली. “ताप न्हवता बाळा. म्या केलं ते.”

“म्हंजे?”

“सांजच्याला वखारीतनं आले तर तू नुसता किरकिरत हुतास. कानाला हात लावत हुतास. शेजारची मनुबाई म्हनली, कान दुखत असंल, लसूण घालून त्याल कडीव आन् सोड. म्या कडीवलं. बोट घालून बघितलं, कोमट वाटलं. आता ह्या बोटांस्नी काय कळतंय.” तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटांची टोकं काळी, चामड्यासारखी झालेली होती, वखार सुटून वीस वर्षं झाली तरी. “तंबाखूनं मेल्याली बोटं. त्यांस्नी ऊन काय, गार काय. त्याल सोडलं तसा तू असा वराडलास की मनुबाई पळत आली. दोन दिसांनी कान वाहायला लागला. तुझा बा लई तापट. त्येला म्या म्हनलं, पोराला ताप चढलाय. तवापास्नं तापच.”

आईचे हात बुद्धप्रियनं आपल्या दोन्ही हातांत घेतले.

“त्या दिसापास्नं कुठल्या ल्येकराला म्या त्याल लावलं न्हाय,” तानुबाई म्हणाली. “मैत्रेयी झाली तवा उपासना किती बलावली. माझं गुडगं दुखत्यात म्हनून सांगितलं. गुडगं चांगलं हुतं तवा.”

“असू दे आई,” बुद्धप्रिय म्हणाला. “मुद्दाम केलंस व्हय? झालं गेलं.” त्याचा चेहरा मोकळा होता. गणित सुटलं होतं. तो सुविधाकडं वळून हसला, डोळे ओले, जणू म्हणत होता, बघ, एवढंच होतं.

इतकी वर्षं सुविधाला वाटत आलं होतं की ताप हा शब्द तिच्यासाठीच कुठून तरी आला, तिला झाकायला. तो आईनं स्वतःसाठी विणला होता. दोघी एकाच पांघरुणाखाली बेचाळीस वर्षं निजल्या आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. आणि आता सगळं मिटलं होतं. आईनं सांगितलं, लेकानं ऐकलं, माफ केलं. डॉक्टरबाईंचं ‘टोकदार’ त्याच्या डोक्यातून आईच्या हातांकडं बघताना निघून गेलं होतं. तिनं नेहमीसारखं गप्प राहायचं होतं, दुसरं काही करायचं नव्हतं. आत जाऊन भाताचा कुकर लावायचा होता. आईचे हात बुद्धप्रियच्या हातांत होते. ती काळी टोकं.

“आई, तू न्हाईस,” सुविधा म्हणाली.

दोघांनी वर बघितलं.

“तेलानं पडद्याला तसं भोक पडत न्हाय. तू आलीस त्याच्या आधीच झालतं. म्हणून तर तो किरकिरत हुता. दुपारी मी त्याच्या कानात हीर घातला. खराट्याचा. आम्ही डॉक्टर-डॉक्टर खेळत हुतो. पोरी गेल्या, मी एकटीच हुते. रक्त आलं, मी पुसलं. तुला सांगितलं न्हाय.”

तानुबाईनं हात सोडवून घेतले. ती सुविधाकडं अशी बघत होती, जणू हे कोण आणि घरात कधी आलं. “मला का सांगितलं न्हाईस गं,” एवढंच ती म्हणाली, आणि ते ओरडून नाही. “एवढी वर्सं.” मग तिनं तोंड भिंतीकडं केलं.

बुद्धप्रिय उभा राहिला होता. “मुद्दाम घातलास?” त्यानं विचारलं.

तिला न्हाय म्हणता आलं असतं. व्हय म्हणणंही एक वेळ जमलं असतं, त्यात निदान एक शेवट होता. “तू हलत हुतास,” ती म्हणाली. “मला राग आलता. मी दाबलं का ते मला म्हाईत न्हाय. मी लई आठवून बघितलंय. मला खरंच म्हाईत न्हाय.”

तो बाहेर गेला. गल्लीच्या तोंडापर्यंत जाताना ती त्याला बघत होती. तासाभरानं आला, जेवला नाही. परतताना वडगावात तिच्या दारात गाडी थांबली. ती उतरली, आणि दार नीट लागलं नाही म्हणून त्यानं वाकून ते आतून ओढून घेतलं.

मग दिवस गेले. मशीन बसवायला तो उपासनाला घेऊन गेला, ते तिला उपासनाच्या फोनवरून कळलं. उपासना तुटकपणे बोलली, पण तिनं फोन केला. निपाणीला सुविधानं दोनदा फोन लावला. आईनं उचलला, भाजी काय केलीस विचारलं, आणि ठेवला. घरात आता ती दोन आवाजांत बोलेनाशी झाली होती. चहा टाकू काय, असं तोंडाशी यायचं आणि तिथंच थांबायचं. सांगून टाकल्यावर हलकं वाटतं असं लोक म्हणतात. तिला हलकं वाटलं नाही. रिकामं वाटलं. बेचाळीस वर्षं त्या एका गोष्टीनं तिला सोबत केली होती, ती आता सगळ्यांची झाली होती, आणि तिच्या वाटणीला तेवढाही जोडीदार राहिला नव्हता. तरी रात्री झोप लागत होती. ते तिला चमत्कारिक वाटायचं, थोडं लाजिरवाणंही.

सोळाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, बुद्धप्रिय ग्रंथालयात आला. आपल्या कॉलेजातून तो असा मधल्या वेळात कधी आला नव्हता. उजव्या कानामागं मशीनचा बारीक करडा तुकडा दिसत होता. त्यानं काउंटरसमोरची खुर्ची ओढली आणि बसला. सुविधा उभीच राहिली.

“परवा निपाणीला गेलतो,” तो म्हणाला. “एकटाच.”

“आई कशी हाय?”

“बरी हाय. शेजारच्या सुनेचं बाळ आलतं, त्याला पायावर घेऊन तेल लावत बसलीती.” तो थांबला. “माझ्याशी धड बोलली न्हाय. तिला वाटतंय मी तिच्यावर पण चिडलोय.”

“आन् चिडलायस?”

“तुझ्यावरचा राग गेलाय असं समजू नको,” तो म्हणाला. “रेल्वेचं आठवतं. रात्री आठवतं.”

“न्हाय समजत,” ती म्हणाली.

वाचायच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. मशीनमुळं असेल, त्यानं दचकून तिकडं बघितलं, मग परत तिच्याकडं.

“मी आईला एक विचारलं,” तो म्हणाला. “म्हणलं, आई, तू वखारीत जाताना आक्काला कुणाजवळ ठिवून जायचीस? आई म्हणली, कुणाजवळ कसं, तुला तिच्याजवळ ठिवायची. मी म्हणलं, ते न्हाय विचारत. माझ्याजवळ आक्का हुती. आक्काजवळ कोण हुतं? तर आई नुसती त्या बाळाला तेल लावत राहिली.” त्यानं काउंटरवरचा तारखेचा शिक्का उचलला, उलटा करून बघितला, परत ठेवला. “आठ वर्षांची म्हंजे तिसरीतली पोर गं. मी मैत्रेयीला तिसरीत असताना रस्ता ओलांडून दुकानात सोडत नव्हतो. म्हणून तुलाच विचारायला आलो. कोण हुतं तुझ्याजवळ?”

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिनंही स्वतःला विचारला नव्हता. सगळे प्रश्न त्या एका क्षणाविषयीचे होते, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या लांबच लांब दुपारींविषयी एकही नव्हता. तिला ती पडवी दिसली, टोपलीतली भाकरी, खुंटीवरचं दप्तर, आणि दिवस मावळायला असलेला भलामोठा वेळ. त्या वेळात एक आठ वर्षांची पोर भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर बाळ होतं, म्हणून ती मोठी दिसत होती.

“तूच की,” ती म्हणाली. “दुसरं कोण?”

बुद्धप्रियनं खाली बघितलं. काउंटरपाशी एक विद्यार्थिनी दोन पुस्तकं घेऊन येऊन उभी होती. सुविधानं तिचं कार्ड घेतलं, पहिल्या पुस्तकावर तारीख मारली, दुसऱ्यावर मारली, नोंद केली. दुसऱ्या पुस्तकाची शिवण सुटत होती, ते जपून वाच म्हणून सांगितलं. मुलगी गेली. सुविधानं मान वर केली. अकरा वीसचा त्याचा तास होता, ते तिला पाठ होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. तो अजून बसलेला होता.